इंग्रज गेले, सातबारा राहिला: नाशिकच्या वर्गात वसाहतकाळाचा वारसा कसा शिकवायचा

आठवीच्या कुठल्याही मुलाला विचारा, ब्रिटिश सत्तेचे परिणाम सांग. दोन कॉलम तयारच असतात. डावीकडे रेल्वे, टपाल, इंग्रजी शिक्षण, कायद्याचं राज्य. उजवीकडे शोषण, कारागीर बेकार, दुष्काळ. पाच-पाच मुद्दे, वही बंद. दहावीला वसाहतवादी इतिहासलेखन येतं त्याची व्याख्या पाठ करून घेतात, पोरं घडाघडा म्हणतात पण त्यातला एक शब्द त्यांच्या गावाला, घराला, खिशातल्या नोटेला लागू होतो हे कुणाच्या डोक्यातच येत नाही.

मी माध्यमिकला इतिहास शिकवते, नाशकातच, आणि मला विचाराल तर पहिलं काम म्हणजे हे दोन कॉलम फाडून टाकायचे. "इंग्रज चांगले की वाईट" हा प्रश्न वर्गात घेतला की पाच मिनिटांत त्याचं भांडण होतं आणि दहाव्या मिनिटाला कंटाळा येतो. त्याऐवजी एखादी वस्तू, कागद, जागा, कायदा असं काहीतरी धरायचं जे आजही चालू आहे, आणि त्याला दोनच प्रश्न विचारायचे. हे बनलं तेव्हा कुणाच्या सोयीसाठी बनलं? आणि १९४७ नंतर आपण ते ठेवलं ते का ठेवलं? दुसरा प्रश्न कुणी विचारतच नाही आणि खरी गंमत तिथेच आहे, कारण त्याचं उत्तर लंडनमध्ये नाही, आपल्याकडे आहे.

आता प्रत्यक्ष कसं करायचं ते सांगते. सगळं एकाच वर्षात करायला जाऊ नका, पोर्शन बोंबलेल. दोन-तीन गोष्टी निवडा.

सुरुवात सातबाऱ्यापासून

दिंडोरी, निफाड, सिन्नर भागातली शाळा असेल तर प्रश्नच नाही, प्रत्येकाच्या घरात सातबारा शब्द रोजचा आहे. पण एक काळजी घ्या, मुलांना घरून सातबारा आणायला सांगू नका. इतर हक्कांच्या रकान्यात सोसायटीचा बोजा लिहिलेला असतो, भावाभावांच्या केसेस चालू असतात, काही मुलांच्या घरी जमीनच नसते आणि वर्गात हे सगळं उघडं पडणं बरं नाही. महाभूलेख या सरकारी साइटवरून ओळखीतल्या कुणाचातरी त्यांना विचारून एक उतारा काढा, नाव-गाव काळ्या पेनाने झाका, झेरॉक्स वाटा.

मग मुलांना सांगा 'आकार' कुठे लिहिलंय ते शोधा. सापडतो, बाजूला काही रुपये आणि पैसे असतात, इतका छोटा आकडा की पोरं हसतात. एवढ्याशा रकमेसाठी एवढा मोठा कागद? इथून धागा पकडायचा. हा कागद मुळात जमीन कुणाची हे सांगायला नव्हता बनलेला, सारा, म्हणजे जमिनीचा कर, कुणाकडून घ्यायचा हे सांगायला बनला होता. १८१८ला पेशवाई बुडाली, नाशिक-त्र्यंबक कंपनीकडे आलं, आणि कंपनीला पहिला प्रश्न पडला तो वसुलीचा. सुरुवातीची प्रिंगल नावाच्या अधिकाऱ्याची मोजणी फसली, सारा इतका जड बसला की शेतकरी गावं सोडून गेले. मग १८३५-३६ला इंदापूरपासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी नवी पद्धत बसवली, शेत न् शेत साखळीने मोजायचं, मातीची प्रत आण्यांमध्ये ठरवायची, त्यावर सारा बांधायचा आणि तो तीस वर्षं बदलायचा नाही. हीच रयतवारी पाहणी पुढे मुंबई इलाखाभर गेली. जमिनीवर हक्क कुणाचा ते लिहायचा, म्हणजे हक्कनोंदीचा कायदा त्यानंतर आला, १९०३चा.

इथे मुलांना ग्राउंडवर न्या. ३३ फूट लांब दोरी कापा, ३३ बाय ३३चा चौकोन चुन्याने आखा. हा झाला एक गुंठा. तेहतीस का, तर मोजणीची साखळी तेहतीस फुटांची होती म्हणून, आणि असे चाळीस गुंठे म्हणजे एक एकर, गुणाकार करून बघायला सांगा, गणिताच्या सरांनाही बरं वाटतं. सातबाऱ्यावर आता हेक्टर-आर लिहितात पण प्लॉटिंगच्या जाहिरातीपासून बांधावरच्या भांडणापर्यंत सगळीकडे गुंठाच चालतो. पोरं त्या चौकोनात उभी राहिली की मग सांगायचं की तुम्ही आत्ता एका इंग्रज मोजणीदाराच्या साखळीत उभे आहात. लक्षात राहतं ते.

आता दुसरा प्रश्न. ठेवला का? तर इथे उत्तर नुसतं "सवय" असं नाहीये. ज्या कागदाने सारा वसूल केला त्याच कागदावरच्या कुळाच्या नोंदीवरून १९४८च्या कुळकायद्याने आणि १ एप्रिल १९५७च्या कृषक दिनाने कितीतरी कसणारे मालक झाले. कुणाचं नाव लागलं, कुणाचं मुद्दाम लागलं नाही, हे गावात अजून आजोबा सांगतील. म्हणजे तीच वही, फक्त वापर बदलला. आणि त्याच वेळी हेही सांगा की पेशवाईत सगळं गोडगुलाबी नव्हतं, दुसऱ्या बाजीरावाच्या काळात महसुलाचे मक्ते लिलावाने दिले जायचे आणि मक्तेदार रयतेला पिळायचे. नाहीतर मुलं "आधी रामराज्य होतं मग इंग्रज आले" असं लिहून मोकळी होतात.

शहरातल्या मुलांना शेती लांबची वाटते. त्यांच्यासाठी नोट आणि पोस्टाचं तिकीट घ्या, ते पुढे येतं.

तागडी आणि एक पौंड ज्वारी

हा माझा आवडता तास आहे म्हणून जरा पसरून लिहिते.

१८७६ ते ७८चा दुष्काळ. पुस्तकात दोन ओळी असतात. पन्नास लाखांवर माणसं गेली असं फळ्यावर लिहिलं तर कुणाच्या चेहऱ्यावर काही हलत नाही, आकडा मोठा झाला की तो नुसता आकडाच राहतो. म्हणून किराणा दुकानातून ज्वारी आणायची आणि तागडी मागून आणायची, डिजिटल काटाही चालेल पण तागडीत मजा आहे. रिचर्ड टेंपल नावाचा बडा अधिकारी व्हाइसरॉय लिटनने दुष्काळी भागात पाठवला, खर्च कमी करायला. त्याने दुष्काळी कामावरच्या पुरुष मजुराला दिवसाला एक पौंड धान्य आणि वर मीठ-मिरचीपुरते थोडे पैसे पुरतात असं ठरवलं. हाच टेंपल १८७७ला मुंबईचा गव्हर्नर झाला.

एक पौंड म्हणजे साडेचारशे ग्रॅम. मुलांना तोलू द्या. मग विचारा याच्या भाकऱ्या किती होतील. मुलींपेक्षा आजकाल ज्यांची आई कामावर जाते ते मुलगे पटकन सांगतात, मॅडम चार, फार तर पाच. दिवसभरात. आणि काम काय, खडी फोडायची, माती वाहायची, रस्ते आणि तलावाची कामं. कुणीतरी विचारतोच, भाजी? डाळ? मग सांगायचं की हे प्रश्न त्या काळातही विचारले गेलेत, मुंबई इलाख्यातल्या मजुरांनी या मजुरीवर काम करायला नकार दिला, कामं सोडून निघून गेले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू लावून धरली. आणि हे सगळं चालू असताना देशातून धान्य परदेशी जात होतं, बंदरापर्यंत रेल्वेने. (डाव्या कॉलममधली रेल्वे, हो तीच. धान्य आणायलाही रेल्वे आणि न्यायलाही रेल्वे, भाव जिकडे जास्त तिकडे डबा.)

तागडी टेबलावर तशीच ठेवा आणि आजच्याकडे या. दुष्काळात किती लोक मेले याची लाज वाटून म्हणा किंवा भीती वाटून म्हणा, सरकारने १८८०चा दुष्काळ आयोग नेमला आणि फॅमिन कोड, म्हणजे दुष्काळात सरकारने काय करायचं याचे नियम, आले. पीक किती आलं ते आण्यात मोजायचं ती आणेवारी, आता आपण पैसेवारी म्हणतो. दरवर्षी पेपरात बातमी येते, अमुक इतक्या गावांची पैसेवारी पन्नास पैशांच्या आत, आणि त्यावर सगळ्या सवलती ठरतात. आणा कधीच गेला, सोळा आण्यांचं शंभर पैसे झालं, पण पिकाकडे बघायची नजर सारा माफ करायचा की नाही याच हिशोबातून आलेली आहे. जुन्या पेपरातली अशी बातमी कापून आणायला सांगा, येवला-नांदगावच्या मुलांना हमखास सापडेल.

आणि मग गृहपाठ, आजी-आजोबांना ७२च्या दुष्काळाबद्दल विचारून या. सुकडी, खडी फोडणं, मस्टर, पाझर तलाव, हे शब्द घेऊन पोरं येतात. इथे फरक काय झाला ते मुलांकडूनच काढून घ्या. कामाची पद्धत बरीचशी तीच, खडी तीच, पण १८७७ला मजूर सरकारकडे मागत होता आणि आपण त्याच्यातून पुढे रोजगार हमी कायदा केला, १९७७चा, म्हणजे काम मागणं हा हक्क झाला. बरोब्बर शंभर वर्षांनी. हा योगायोग फळ्यावर लिहा, मुलांना आवडतो.

फिरायला न्या, पण नुसतं फिरवू नका

नाशिकमध्ये बसने दिवसभरात चार जागा होतात. परवानगीपत्र, पालकांच्या सह्या, पाण्याच्या बाटल्या वगैरे तुम्हाला माहिती आहेच.

पहिली जागा गोल्फ क्लब मैदान. आख्खं नाशिक त्याला गोल्फ क्लबच म्हणतं, अधिकृत नाव हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान. म्हणजे साहेब लोकांच्या खेळाचं नाव तोंडात आणि साहेबाला मारणाऱ्या पोराचं नाव पाटीवर. मुलांना विचारा घरी काय म्हणतात. मग गोष्ट सांगा. २१ डिसेंबर १९०९, विजयानंद थिएटर, शारदा नाटकाचा प्रयोग, कलेक्टर जॅक्सनची बदली झालेली म्हणून निरोपाचा कार्यक्रम, तिथे अनंत कान्हेरेने त्याच्यावर गोळ्या झाडल्या. १९ एप्रिल १९१०ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कृष्णाजी कर्वे आणि विनायक देशपांडे फाशी गेले. खुनाच्या आधी, १९०९लाच, बाबाराव सावरकरांना जन्मठेप, काळं पाणी झालं होतं आणि त्याची चीड शहरात होती.

बहुतेक शिक्षक इथेच थांबतात. पुढे जा. जॅक्सन हा संस्कृत जाणणारा, इथल्या इतिहासावर लिहिणारा माणूस, त्याला पंडित जॅक्सन म्हणायचे. मुलांना धक्का बसतो, त्यांच्या डोक्यात गोरा साहेब म्हणजे सिनेमातला चाबूकवाला. तेव्हा प्रश्न टाका: राज्य चालवणारा माणूस विद्वान आणि सभ्य असला तर ते राज्य चांगलं ठरतं का? याच्यावर मी मुलांना बोलू देते, स्वतः गप्प बसते, फार अवघड जातं पण बसते. आजच्या पक्षांचं राजकारण यात येणारच, कुणीतरी टीव्हीवरचं वाक्य फेकणारच, तेव्हा एवढंच म्हणायचं की आपण १९०९ मध्ये आहोत, त्या वर्षातलं बोल.

दुसरी जागा शरणपूर रोड. आज क्लासेस, हॉस्पिटलं, हॉटेलं आणि पार्किंगची मारामारी. पण एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर इथे चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवलं आणि तिथे आफ्रिकन मुलं राहायची, शिकायची. हो, नाशकात. पूर्व आफ्रिकेच्या किनाऱ्यावर अरबी गलबतांतून गुलाम म्हणून नेली जाणारी माणसं ब्रिटिश आरमार पकडायचं, त्यातली काही मुंबईला उतरवायचं आणि त्यातली काही मुलं नाशिकला यायची. सुतारकाम, लोहारकाम, इंग्रजी शिकायची. त्यातला जेकब वेनराइट, आफ्रिका धुंडाळणाऱ्या डेव्हिड लिव्हिंगस्टनच्या शेवटच्या मोहिमेत होता, १८७३ला लिव्हिंगस्टन मेला तेव्हा ज्यांनी त्याचा देह शेकडो कोस चालत किनाऱ्यापर्यंत आणला त्यात तो होता, आणि पुढे देहाबरोबर थेट लंडनला गेला, वेस्टमिन्स्टर अ‍ॅबीच्या अंत्यविधीपर्यंत. १८७५च्या सुमारास नाशिकच्या शरणपूरमधली बरीच माणसं मोंबासाजवळच्या फ्रीअर टाउनला गेली, तिथली वसाहत उभी केली. फ्रीअर म्हणजे मुंबईचा माजी गव्हर्नर.

ही गोष्ट सांगितली की दोन कॉलमचा उरलासुरला खेळ संपतो. कारण गुलामांना सोडवणारं साम्राज्य आणि त्याच काळात गिरमिटावर (मजुरीच्या करारावर) सही घेऊन मजुरांना मॉरिशसच्या उसाच्या मळ्यात पाठवणारं साम्राज्य एकच आहे. मॉरिशसमध्ये आजही मराठी बोलणारी, गणपती बसवणारी कुटुंबं आहेत, ती त्याच जहाजांतून गेलेली. नकाशा काढून दाखवा, नाशिक, मुंबई, मोंबासा, मॉरिशस. समुद्राच्या पलीकडे काय चाललंय त्याच्याशी आपला संबंध नाही असं मुलांना वाटतं, तो नकाशाच उत्तर देतो.

तिसरी जागा नाशिकरोड, प्रेस. आत सोडत नाहीत, सोडणारही नाहीत, फाटकाबाहेरून बघा आणि पुढे चला, तिथे फोटोबिटो काढायच्या फंदात पडू नका. १९२५ला इथे सिक्युरिटी प्रेस आली त्याआधी भारताची पोस्टाची तिकिटं लंडनला छापून बोटीने यायची. १९२८पासून नोटाही इथे, पहिल्या नोटा पाच रुपयांच्या, पंचम जॉर्जचं तोंड असलेल्या. कुणाच्या आजोबांकडे जुनी तिकिटं असतील तर आणायला सांगा, राजाचं डोकं जाऊन तिथे १९४७च्या शेवटी 'जय हिंद' आणि तिरंगा कसा आला ते एका ओळीत लावा. मशीनं तीच, गाव तेच. नाशिकरोडला प्रेसमध्ये कामाला असलेल्या आईवडिलांची मुलं वर्गात असतातच, त्यांना बोलायला लावा.

देवळाली कॅम्प वेळ असेल तर. ब्रिटिश सैन्याचं मोठं ट्रान्झिट कॅम्प, नंतर फाळणी झाली तेव्हा तिथे सिंधी निर्वासित आले. फाळणी म्हणजे पंजाब-बंगाल एवढंच वाटणाऱ्या मुलांना देवळालीच्या बेकरीत उभं करून हे सांगा. रेल्वेबद्दल फार वेळ घालवू नका, १८६५ला थळ घाट पार करून गाडी इगतपुरीला आली आणि इंग्लंडमधल्या भागधारकांना पाच टक्क्यांची हमी इथल्या करदात्याच्या पैशातून होती, हे दोन मुद्दे पुरे.

काळाराम मंदिर, आणि वर्गात कोण बसलंय ते बघून बोला

पंचवटीत नेलंत तर काळाराम मंदिराच्या दारात थांबा. २ मार्च १९३०. बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली आणि दादासाहेब गायकवाडांच्या पुढाकाराने सत्याग्रह सुरू झाला, दारं बंद केली गेली, पोलिसांचा बंदोबस्त लागला, सत्याग्रहींना अटका झाल्या. पाच वर्षं चालला. दारं उघडली नाहीत. १३ ऑक्टोबर १९३५ला येवल्यात बाबासाहेबांनी जाहीर केलं, हिंदू म्हणून जन्मलो पण हिंदू म्हणून मरणार नाही.

हा प्रसंग सामाजिक सुधारणांच्या धड्यात असतो, वसाहतीच्या धड्यात नसतो, आणि तिथेच चूक आहे. बंदोबस्त कुणाचा होता? इंग्रज सरकारचा. १८५८च्या राणीच्या जाहीरनाम्यात धर्मात हस्तक्षेप करणार नाही असं म्हटलंय, पोरं ते पाठ करतात "चांगल्या" कॉलममध्ये. आता त्याचा अर्थ काळारामाच्या दारात काय झाला ते बघा. हस्तक्षेप न करणं म्हणजे जो आधीच आत आहे त्याच्या बाजूने उभं राहणं.

आणि तरीही. माझ्या वर्गात दरवर्षी एखादी मुलगी उठते आणि म्हणते, मॅडम, आमच्या घरात म्हणतात इंग्रज आले म्हणून आम्ही शिकलो. तिला खाली बसवू नका. तिच्या घरचं म्हणणं हाही पुरावा आहे. महारांना कंपनीच्या फौजेत जागा मिळाली, फौजेतल्या शाळांमुळे पोरं शिकली, बाबासाहेबांचे वडील सुभेदार होते. पण मग त्याच सरकारने १८९०च्या दशकात महारांची भरती बंद केली, तेही सांगायचं. फुल्यांनी १८८२ला शिक्षणावरच्या हंटर आयोगापुढे काय मांडलं ते सांगायचं, की शेतकऱ्याच्या घामाच्या साऱ्यातून पैसा येतो आणि तो वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर जातो, खेड्यातल्या प्राथमिक शाळांना काही नाही. म्हणजे इंग्रजांचा उपयोग करून घेणं आणि इंग्रजांना धारेवर धरणं हे एकाच माणसाने एकाच वेळी केलंय. मुलांना हे लगेच समजतं, मोठ्यांनाच जड जातं.

काही गोष्टी करू नका. अर्धा वर्ग इंग्रज आणि अर्धा वर्ग गुलाम असलं नाटक बसवू नका, ज्याला जे दिलं जातं ते मधल्या सुट्टीतही चिकटतं. जातीचे दाखले वर्गात काढायला लावू नका. १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याबद्दल जरूर शिकवा, आख्ख्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरवल्या, हजेरी लावायला लावली, तो १९५२ला रद्द झाला आणि म्हणून ३१ ऑगस्ट विमुक्त दिन आहे, पण वर्गात पारधी किंवा दुसऱ्या विमुक्त जमातीचं मूल असेल तर आधी त्याच्याशी एकट्याने बोला. कॉलनीत चोरी झाली की आजही आधी पालावर पोलीस येतात हे त्याला तुमच्यापेक्षा जास्त माहिती असतं. बोलायचं की नाही ते त्याला ठरवू दे.

जंगल, लॉंग मार्च आणि थोडे कायदे

पेठ, सुरगाणा, त्र्यंबक, इगतपुरीकडच्या मुलांना १८७८चा वन कायदा सांगायची फार गरज नसते, त्यांना फॉरेस्टवाला माहिती असतो. आज्यापणज्याने कसलेली जमीन एका दिवशी राखीव जंगल झाली, लाकूड आणलं तर गुन्हा, गुरं घातली तर दंड. १९२७चा वन कायदा अजून आहे. राघोजी भांगरे आणि भागोजी नाईक हे महादेव कोळी आणि भिल्लांचे बंडकरी याच डोंगररांगांत लढले, राघोजींना १८४८ला ठाण्यात फाशी झाली. २००६च्या वनहक्क कायद्याच्या प्रास्ताविकातच आदिवासींवर झालेल्या ऐतिहासिक अन्यायाचा उल्लेख आहे, तो भाग मोठ्याने वाचून दाखवा. आणि मग मार्च २०१८, सीबीएस चौकातून निघून कसारा घाटाने मुंबईपर्यंत चालत गेलेला शेतकरी-आदिवासींचा लॉंग मार्च, लाल टोप्या, फुटलेले पाय. वनहक्काचे दावे मंजूर करा ही त्यातली एक मोठी मागणी. १८७८ आणि २०१८ एका रेषेवर लावा आणि विचारा, स्वातंत्र्य मिळाल्यावर जंगल खातं इंग्रजी नजरेनेच का चालत राहिलं? सातबाऱ्यासारखं इथे काही बरं उत्तर निघतं का बघा. मला तरी पटेल असं निघालेलं नाही.

कायद्यांसाठी एवढं पुरे: कोविडच्या लॉकडाउनमध्ये जो साथरोग कायदा लावला तो १८९७चा, प्लेगच्या वेळचा, ज्याच्या अंमलबजावणीत पुण्यात घराघरांत सोल्जर घुसले आणि चापेकरांनी प्लेग अधिकारी रँडला मारलं. मुलांना लॉकडाउन आठवतो, त्यामुळे हा मुद्दा पाच मिनिटांत होतो. भारतीय दंड संहिता १८६०ची, ती जुलै २०२४पासून जाऊन भारतीय न्याय संहिता आली. वरच्या वर्गाला काम द्या, टिळकांवर लावलेलं राजद्रोहाचं जुनं कलम १२४-अ आणि नव्यातलं १५२ शेजारी-शेजारी ठेवून वाचा, काय गेलं आणि काय राहिलं ते स्वतः लिहा. तुमचं मत विचारलं तर नंतर सांगा.

मेकॉलेचा फॉरवर्ड

व्हॉट्सॲपवर हा येणारच. "मी भारतभर फिरलो, एकही भिकारी, एकही चोर दिसला नाही..." खाली मेकॉले, ब्रिटिश पार्लमेंट, २ फेब्रुवारी १८३५. पालकांच्या ग्रुपवर येतो, एकदा स्टाफरूमच्या भिंतीवरही लावलेला पाहिलाय. मेकॉले त्या दिवशी पार्लमेंटमध्ये असूच शकत नव्हता, तो तेव्हा कलकत्त्याला होता. त्या तारखेचं त्याचं खरं टिपण आहे, शिक्षणाबद्दलचं, आणि त्यात तो रक्ताने भारतीय पण आवडीनिवडीने इंग्रज असा एक वर्ग तयार करायचं म्हणतो, इथल्या ग्रंथांना तुच्छ लेखतो. म्हणजे खरं टिपण बनावट भाषणापेक्षा जास्त झोंबणारं आहे, मग खोटं कशाला पसरवायचं? मुलांना दोन्ही छापून द्या, तारीख, जागा, भाषा तपासायला लावा. घरी जाऊन काकांना उत्तर देण्यात त्यांना भारी आनंद मिळतो.

हिऱ्याचा वाद, शेवटच्या आठवड्यासाठी

त्र्यंबकेश्वराचा हिरा. नासक डायमंड म्हणून जगभर प्रसिद्ध, १८१८च्या युद्धानंतर कंपनीच्या हाती लागला, लंडनच्या रंडेल अँड ब्रिज जवाहिऱ्यांकडे विकायला गेला, एका इंग्रज उमरावाने तलवारीच्या मुठीत बसवला, पुढे अमेरिकेत हॅरी विन्स्टनने पुन्हा पैलू पाडले आणि तो ४३ कॅरेटच्या आसपास राहिला. मूळचा नव्वदीच्या घरातला होता. म्हणजे परत आणायचा म्हटला तरी मूळचा हिरा आता कुठे आहेच. याच्या शेजारी २०२४ला साताऱ्यात आलेली वाघनखं ठेवा, तीही परत मिळालेली नाहीत, लंडनच्या म्युझियमकडून ठरावीक मुदतीसाठी आलीत. आणि २०२५ला राज्य सरकारने लिलावात पैसे देऊन आणलेली नागपूरच्या रघुजी भोसल्यांची तलवार. एक विकत घेतली, एक उसनी आली, एक आलीच नाही. गट पाडा आणि वाद लावून द्या: मागायचं, विकत घ्यायचं की सोडून द्यायचं? मागायचं तर कुणी, देवस्थानाने, राज्याने की देशाने? आणि आलाच तर ठेवायचा कुठे, पिंडीवर की म्युझियममध्ये? या शेवटच्या प्रश्नाला पिरियड संपल्याची घंटा कुणाला ऐकू येत नाही.

राहिला परीक्षेचा मुद्दा. तपासणीला आलेले साहेब (आपलेच, देशी) विचारणारच की पोर्शन कुठपर्यंत आला. बोर्डाच्या पद्धतीची उत्तरं लिहायची प्रॅक्टिस द्यावीच लागते, त्यात काही लबाडी नाही, तुमचे परिणाम-कारणं-टिपा चालू ठेवा. फक्त अंतर्गत गुणांमधले काही आपल्या हातात असतात त्यात एक प्रश्न असा टाका: तुमच्या घरातली किंवा गावातली इंग्रजांच्या काळातली एक गोष्ट निवडा जी अजून चालू आहे, ती कुणासाठी सुरू झाली, आपण का ठेवली, आणि तुम्ही ठेवाल का, दीड पान. मार्क मताला देऊ नका, पुराव्याला द्या. मागच्या खेपेला एका पोराने शाळेच्या टाय-बुटाच्या युनिफॉर्मवर लिहिलं, एकाने तहसीलच्या बाहेर बसणाऱ्या अर्जवाल्यावर, आणि एकीने चक्क हजेरीपटावर लिहिलं की रोज नाव घेऊन "हजर" म्हणायला लावणं ही पद्धत मॅडम तुम्हाला कुठून आली. तिला पैकीच्या पैकी दिले.